बरब्बाचं ध्रुपद

"बरब्बाला सोडा हो, येशूला खिळा."

मंडळीने ध्रुपद पुन्हा उचललं आणि कीर्तनकार टेकचंदबुवाने लय आणखी चढवली. देवाजीची बोटं तबल्यावर पळू लागली. वेदीसमोरच्या सतरंजीवर पंचांचे प्रमुख पुंडलिकराव डोळे मिटून डोलत होते. सगळ्यांत उंच आवाज त्यांचाच होता.

टेकचंदबुवा स्वतः गात नव्हता. ध्रुपद लोकांच्या तोंडी देऊन तो नुसती झांज वाजवत उभा होता. 

नाकाडोंगरीच्या त्या लहानशा लुथरन मंडळीत ईस्टरआधीच्या उपासकाळात दर शुक्रवारी दिवेलागणीला कीर्तन होई. वेदीवर जांभळं कापड चढे, हालेलुया ईस्टरपर्यंत बंद राही. कीर्तनकाराने ओळ द्यायची आणि मंडळीने ती उचलायची, ही रीत. चालीच्या भरात आपण काय उचलतो आहोत, हे कुणी पाहत नसे. टेकचंदबुवाला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच एकोणऐंशीच्या त्या उपासकाळात त्याने यरूशलेमच्या जमावाच्या आरोळीचं, दरोडेखोर बरब्बाला सोडून येशूला क्रुसावर द्या म्हणणारं, हे ध्रुपद रचलं होतं. भक्तीने नाही, रागाने.

दाराशी, चपलांच्या बाजूला, शकुनबाई बसली होती. मांडीवर तिची नात झोपली होती. थंडीत या पोरीला ताप चढला. दवाखान्याला कुलूप होतं. शकुनबाई खाणीवरून मँगनीज फोडून आलेली. अंगावरची धूळही न झटकता ती पोरीला घेऊन भगताकडे पळाली. भगताने दंडावर काळा गंडा बांधला. पोरगी वाचली. गंडा मात्र मंडळीच्या डोळ्यांत खुपला.

पंचांनी तिला बैठकीत उभं केलं. पुंडलिकरावांनी धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीतली, दुसरे देव न मानण्याची पहिली आज्ञा विचारली, मग तिचा अर्थ विचारला. तिने दोन्ही न अडखळता म्हणून दाखवलं.

"अर्थ पाठच हाय, भाऊ," ती म्हणाली. "पर पोरीनं डोळे फिरवले होते."

ठराव झाला. शकुनबाईने दाराशी बसायचं आणि ईस्टरला प्रभुभोजनाला यायचं नाही. टेकचंदबुवाही पंच होता. त्या दिवशी तो चहा अर्धा टाकून उठला. घरी जाऊन बायकोवर ओरडला, बैलांवर ओरडला. शकुनबाई लग्नाआधीपासून प्रभुभोजनाच्या ज्या मेजाला आली, त्याच मेजावरून तिला उठवलं, हे त्याला तेव्हापासून डाचत होतं.

त्याने झांज एकदम छातीशी दाबून धरली. तबला थांबला. मागचे दोनचार आवाज 'खिळा'पर्यंत धावत गेले आणि लाजून गप्प झाले.

"हे कोणं म्हनलं?" टेकचंदबुवाने विचारलं.

त्याने ओळीने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"यरूशलेमच्या लोकायनं? मले तं नाकाडोंगरीचेच आवाज आयकू आले. पुंडलिकभाऊ, तुमचा तं समद्यायच्या वर होता."

पुंडलिकरावांनी डोळे उघडले. टेकचंदबुवा आता थांबणारा नव्हता. पोटाचा उपास धरता आणि माणूस चावून खाता, असं तो म्हणाला. हे मेज काय तुमच्या बापानं सुताराकडून करवून घेतलं, की कुणाला बसवायचं आणि कुणाला उठवायचं ते तुम्ही ठरवता, असं त्याने तोंडावर विचारलं. बायांनी पदर तोंडाला लावले. पंच एकमेकांकडे पाहू लागले. टेकचंदबुवाने दाराकडे हात केला.

"एवढ्या लोकायत एकच तोंड बंद होतं. शकुनबाई, ऊठ. दाखव यायले."

शकुनबाई उठली नाही.

"नाही जी, बुवा," ती म्हणाली. "मीबी म्हनलं. चाल मोठी गोड हाय."

मागे कुणीतरी हसू दाबलं.

"न म्हननारे तुमीच एक होते." तिचा आवाज जराही चढला नाही. "त्या दिवशी बैठकीतबी तुमी काई नाही म्हनलं. मी तुमच्याच तोंडाकडं पाहून राहिली होती."

टेकचंदबुवाचा हात दाराकडे तसाच राहिला. मग खाली आला. लोकांना फटकारायची पुढची सगळी कडवी त्याने पाठ केली होती. त्यांतलं एकही आठवेना. त्याने गळ्यातला हार काढून पेटीवर ठेवला. झांजही ठेवली. आणि सगळ्या मंडळीला दिलेली ती ओळ त्याने पहिल्यांदा स्वतःवर घेऊन म्हटली. सावकाश. एकट्याने.

"बरब्बाला सोडा हो, येशूला खिळा."

कुणी उचलली नाही. देवाजीचे हात मांडीवर पडून होते. त्या देवळात कीर्तनकाराची ओळ अशी कधी खाली पडली नव्हती. त्याने ती पुन्हा म्हटली, आणि 'खिळा'वर त्याचा आवाज फुटला.

तेव्हा दाराशी बसलेल्या शकुनबाईने ओळ उचलली. खाणीच्या धुळीने खरखरीत झालेला तो म्हातारा आवाज एकटाच त्याच्या सोबतीला आला.

पुंडलिकराव ताडकन उठले. त्यांचा चेहरा रागाने काळवंडला होता. लोकांना वाटलं, आता हे घरी निघाले. त्यांनी वाकून वेदीसमोरची आपली जागा हाताने झटकली आणि भिंतीशी जाऊन उभे राहिले.

"दारातून आवाज पोचत नाही," कुणाकडेच न पाहता ते गुरकावले. "शकुनबाई, इथं बसून म्हन."