निळ्या रेघा बाबांच्या

मुलीने रबराची पट्टी दोन्ही हातांनी दाबून जाळीवरून ओढली, ती जाळीची चौकट, म्हणजे स्क्रीन, वर उचलली आणि मागून आवाज आला, "हे काय, तोंडालाही रंग फासायला सांगितलाय का कॉलेजने?"

आई. प्रदर्शन संध्याकाळी, आणि ही भर दुपारी छपाईच्या वर्कशॉपमध्ये हजर. इस्त्रीचे कपडे, खांद्याला पर्स, शाईच्या वासाने नाकाशी धरलेला रुमाल.

"तुला आत कुणी सोडलं?"

"मुलीची आई म्हटलं की सोडतात. बघू तरी, वर्षभर काय चाललंय ते."

टेबलावरच्या कागदावर आधी छापून वाळलेल्या निळ्या रेघा होत्या, गवताच्या पात्यांसारख्या बारीक. त्यांच्यावर आत्ताच उतरलेल्या ओल्या तांबड्या रेघा, बोटाएवढ्या जाड. जिथे त्या एकमेकींवर चढल्या होत्या तिथे रंग काळपट झाला होता.

"अगं, छान दिसतंय की!" आई म्हणाली. "नक्षी कशाची?"

"आवाजाची. मी कोड लिहिलाय. त्याला रेकॉर्डिंग दिलं की तो रेघा काढतो. आवाज जेवढा मोठा, रेघ तेवढी जाड." सांगून टाकायला हवं होतं, म्हणून तिने एका दमात सांगून टाकलं. "निळ्या बाबांच्या. तांबड्या तुझ्या."

आईने रुमाल खाली घेतला. "आमचं कसलं रेकॉर्डिंग?"

मुलगी शाई ढवळत राहिली.

"त्या रविवारच्या भांडणाचं?"

"हं."

"चोरून केलंस?"

"चोरून कशाला? फोन समोरच होता. तुमचं लक्ष नव्हतं. मग दोघांचे आवाज मी कोडमध्ये वेगळे केले."

"वा! आम्हाला इतक्या वर्षांत जमलं नाही, ते तुझ्या कॉम्प्युटरला बरं जमलं." आईचा आवाज चढला. पलीकडच्या टेबलावरच्या दोन मुली आपापल्या कागदांवर जास्तच वाकल्या. "घरची लक्तरं वेशीवर टांगायला शिकवतात का इथे? त्यासाठी फी भरतोय आम्ही?"

"वेशीवर नाही, दुसऱ्या मजल्यावर. आणि कुणाला कळणारे, आई? लोकांना नुसत्या रेघा दिसणार."

"मला कळतंय ना! आणि तुझ्या बापाला कळेल. तोही येणारे संध्याकाळी. दात काढेल माझ्याकडे बघून. बघा, मी आपला बारीक, आणि ही बया कागदभर पसरलीय!" तिने कागदाचा कोपरा चिमटीत पकडला. "फाड हे."

"नाही फाडणार. दुसरं काही नाहीये माझ्याकडे लावायला."

"मग भिंत रिकामी राहू दे."

मुलीने कागदाचं दुसरं टोक धरलं. कागद दोघींच्या मध्ये ताणला गेला.

"मी एवढी ओरडत नव्हते," आई म्हणाली. "तोच जास्त ओरडत होता. तुझं यंत्र खोटं बोलतंय."

"कोड खोटं कशाला बोलेल? त्याला काय कुणाची बाजू घ्यायचीये? जे ऐकू आलं, ते..."

"कुठून ऐकू आलं? फोन कुठे ठेवला होतास?"

"ओट्यावर," मुलगी म्हणाली आणि थांबली. आई ओट्यापाशी उभी होती त्या दिवशी, फोनपासून हातभर. बाबा बाहेरच्या खोलीत, दाराआड. जवळचा आवाज मोठाच येणार, एवढी साधी गोष्ट. महिनाभर ती रेघांची जाडी बसवत होती, जाळीतून शाई नीट उतरेना म्हणून तीन शाया बदलल्या, आणि हे एकदाही तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"बोल ना आता."

"बाबांचा आवाज वाढवता येईल," ती पुटपुटली. "एक आकडा बदलायचा फक्त. किती मोठा होता ते सांग, तेवढा करते."

"मला काय विचारतेस? तू घरात नव्हतीस? फोन ओट्यावर ठेवून गेलीस कुठे?"

"बाथरूममध्ये."

"बाथरूममध्येही ऐकू येतं की."

"नाही येत. मी नळ सोडते."

"नळ? तो कशाला?"

"तुमचं सुरू झालं की मी नळ सोडून बसते," मुलगी म्हणाली. आता तिचाही आवाज चढला होता. "लहानपणापासून. पाण्याचं बिल एवढं का येतं म्हणून तुम्ही प्लंबर आणला होतात, आठवतंय? पाइप गळत नव्हता."

पलीकडच्या मुलींपैकी एकीने उगाचच खोकून घेतलं.

"मग तो नळ कुठेय यात?" आईने विचारलं.

"काढून टाकला. एकसारखा चालू राहणारा आवाज कोड वगळतो. पंखा, रस्ता, असलं काही. त्याला तो आवाज म्हणून धरतच नाही."

आईच्या चिमटीतून कागद सुटला. तांबडी शाई तिच्या अंगठ्याला लागली होती. तिने ती पुसली नाही.

"मग तो परत घाल," ती म्हणाली. "आणि आम्हाला दोघांना काढून टाक."

"आई, काहीतरीच काय! त्याची नुसती सपाट पट्टी येईल, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बघण्यासारखं काही नसेल त्यात. आणि त्याची स्क्रीनही बनवलेली नाहीये."

"मग बनव."

शाईचा एक रिकामा डबा पायाने ओढून आईने उपडा केला आणि इस्त्रीच्या कपड्यांनिशी त्याच्यावर बसली. पर्स मांडीवर घेतली.

"मी बसलेय इथे."