खालची पट्टी

स्वयंपाकघराच्या फरशीवर तो पालथा पडला होता आणि गाल जमिनीला टेकवून ओट्याखालच्या कपाटांचे पाय बघत होता. काळे, प्लास्टिकचे पाय, मागे अंधार. ते झाकणारी पट्टी, त्याच्या धंद्यात जिला स्कर्टिंग म्हणतात, ती या घरात कधी बसलीच नव्हती. लोकांची स्वयंपाकघरं त्याने चकाचक करून दिली. स्वतःच्या घरातली कपाटं मात्र इकडच्या तिकडच्या कामांतून उरलेल्या फळ्यांची, तीन रंगांच्या दारांची, आणि खालून उघडी. "आमची कपाटं चड्डीवर आहेत, तिकडे बघू नका," असं बायको प्रत्येक पाहुण्याला सांगायची.

ती आता दाराशी खुर्ची टाकून बसली होती. कालच हॉस्पिटलमधून घरी आली होती. अंगावर शाल, पाय वर घेतलेले. चेहरा एवढासा झाला होता, पण जीभ जागेवर होती.

"आज काय अंगात आलंय तुमच्या?"

"कुठे काय. सुट्टी होती, म्हटलं करून टाकू."

"कामाच्या दिवशी कसली सुट्टी?"

"काढली."

त्याने झाडू आत घालून कचरा ओढला. धुळीचे गोळे आले, कांद्याची सालं आली, एक झाकण आलं, आणि त्यामागून घरंगळत एक छोटा डाव.

"अगोबाई! माझा डाव!" ती खुर्चीत सरळ झाली. "अहो, हा शेजारच्या वहिनींनी नेला म्हणून मी त्यांच्याशी धड बोलत नव्हते की हो!"

तो हसला. ती हसतेय म्हणून आणखी थोडा वेळ हसत राहिला.

मग त्याने माप घेतलं. फरशीला मोरीकडे उतार होता, म्हणून पट्टी एका टोकाला निमुळती कापायला हवी होती. त्याने भिंतीला टेकवून ठेवलेली पट्टी उचलली. दुधी रंगाची, अखंड, कागद अजून न काढलेली.

"ही उरलेली दिसत नाही."

"नाही. नवी आणली."

"माझ्यासाठी? नवी?"

"मग काय शेजारच्या वहिनींसाठी?"

या वेळी ती हसली नाही.

त्याने बाल्कनीत जाऊन पट्टी कापली. कड घासली. गुळगुळीत झाल्यावरही घासत राहिला. मागच्या बाजूने क्लिपा लावल्या, पट्टी ओट्याखाली सरकवली आणि तळहाताने ठोकली. टक. पहिली क्लिप पायाला धरून बसली. मग दुसरी. तिसरी. कोपऱ्यातल्या पायापर्यंत सगळ्या बसल्या. गुडघ्यांवर मागे सरकून त्याने बघितलं. तीच तीन रंगांची कपाटं एकदम जमिनीत रुजल्यासारखी दिसत होती.

"कसं वाटतंय?"

डोळा लागला असेल, असं समजून त्याने वळून पाहिलं. ती जागी होती. पट्टीकडे नाही, त्याच्याकडे बघत होती.

"काल डॉक्टरांनी तुम्हाला बाहेर नेऊन काय सांगितलं?"

"सांगितलं ना तुला. गोळ्या बदलल्यात. आता आराम पडेल."

"एवढंच?"

"एवढंच."

त्याने पॉलिशपेपर उचलला आणि बसवून झालेल्या पट्टीची कड पुन्हा घासायला घेतली.

"अहो, इकडे बघा."

त्याने बघितलं नाही.

"हा ओटा झाला तेव्हापासून मी या पट्टीसाठी तुमच्या मागे लागलेय. भांडले, रुसले, एकदा पिशवी भरून दारापर्यंत गेले. तुम्ही ढिम्म हलला नाहीत." तिला धाप लागली. ती थांबली, मग हळू आवाजात म्हणाली, "आणि खरं सांगू, मला कधी फार राग आलाच नाही. वाटायचं, आहे की वेळ. म्हातारपणी घरी बसतील तेव्हा बसवतील."

तो घासत होता.

"आज तुम्ही सुट्टी काढलीत. नवीकोरी पट्टी आणलीत. सकाळपासून चहासुद्धा घेतला नाहीत." तिने शाल गळ्याशी घट्ट धरली. "किती दिवस म्हणाले?"

त्याचा हात थांबला. हॉस्पिटलपासून घरापर्यंत, रिक्षात तिच्या शेजारी बसून, त्याने काय काय बोलायचं ते मनाशी घोकलं होतं. नवीन औषधं, चांगले डॉक्टर, उन्हाळ्यात तिच्या बहिणीकडे जाणं. त्याने पॉलिशपेपर खाली ठेवला.

"काढू का?" तो म्हणाला.

"काय?"

"ही पट्टी. काढतो मी. मग बसवू. मग कधीतरी बसवू आपण."

ती त्याला वेडं म्हणणार होती. तोंड उघडलंही होतं. पण तो ओट्यापाशी गुडघे टेकून बसला होता, दोन्ही हातांची बोटं पट्टीच्या वरच्या फटीत घालत होता, आणि त्याची पाठ लहान मुलासारखी हलत होती.

पट्टी घट्ट बसली होती. त्याचं नख उलटलं. त्याने पुन्हा बोटं घातली आणि ओढलं. एक क्लिप सुटली. मग दुसरी. मग मोरीपर्यंत एकामागून एक सगळ्याच सुटायला लागल्या.

"हळू," ती म्हणाली. "मोडेल."