पंचविसावी नोंद

"शेवटची पाळी कधी आली होती?" समरीनने पडद्याआड हलक्या आवाजात विचारले.

मालन परकराच्या नाडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढत होती. तिचा हात थांबला.

पडद्यापलीकडे तिची सासू यमुनाबाई दादूभाऊंना सांगत होती, "माजा पोर शिमगा करून बोटीवर गेला. आता मे म्हयन्याशिवाय येत नाय. हिची कंबर काय तोवर थांबणार हाय? म्हटलं, फोटो काढून टाकू."

दादूभाऊ शिवलकर रत्नागिरीत बावीस वर्षे एक्स-रे काढत होते. पाळीचा प्रश्न ते बाईला विचारत नसत. तिच्यासोबत आलेल्या वडीलधाऱ्या बाईला विचारत. खलाशांच्या बायकांच्या बाबतीत तर मुळीच विचारत नसत. कोणाचा नवरा कोणत्या बोटीवर आहे हे ज्या गावात सगळ्यांना ठाऊक असते, तिथे तो प्रश्न तोंडातून निघताच आरोप झाला असता. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या समरीनच्या पायाभूत वर्षाच्या पुस्तकात मात्र असा अपवाद नव्हता. बारा ते पन्नास वयाच्या प्रत्येक स्त्रीला विचारावे, एवढेच तिथे छापलेले होते.

"माझा नवरा नाय इथे," मालन म्हणाली.

"नवऱ्याचं नाही विचारलं, वहिनी. तारीख विचारली."

मालनने पिन मुठीत घट्ट धरली.

"दिवाळीच्या आधी," ती म्हणाली. डिसेंबर संपत आला होता. "सासूला सांगशील?"

"नाही."

"समरीन," दादूभाऊंनी हाक मारली, "कॅसेटमध्ये मोठी फिल्म भरून आण. कमरेचा मणका आहे. तुझी पंचविसावी ना ही? पाचच्या आत वही पोचव म्हणजे सुटलीस."

पंचविसावीच होती. बारावी कला शाखेतून झालेल्या मुलीला रेडिओग्राफीच्या पदविकेचे दार उघडायचे, तर विद्यापीठाचे हे एक वर्ष पार करावे लागे. आणि पंचवीस तपासण्यांची वही सहीनिशी भरल्याखेरीज वर्ष पुरे होत नसे. कमरेच्या मणक्याची तेवढी राहिली होती. विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात वही देण्याची मुदत आज संध्याकाळी संपत होती.

एका फोटोने पोटातल्या गर्भाला किती धोका असतो, याचा आकडा पुस्तकात दिला होता. तो लहान होता. शून्य नव्हता. फोटोत आठ आठवड्यांचे काही दिसलेही नसते. कोणाला कधी कळले नसते. नियम सांगून तपासणी थांबवावी, तर दादूभाऊ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कारण लिहिणार आणि चिठ्ठी रीतीप्रमाणे यमुनाबाईंच्या हातात देणार. समरीनने दोन्ही वाटा पुन्हा एकदा तपासल्या. तिसरी एकच उरत होती.

डार्करूममध्ये लाल दिवा जळत होता. तिने मोठ्या मापाच्या फिल्मचा डबा उघडला, आतला काळा कागद बाजूला सारला आणि पांढऱ्या दिव्याचे बटण दाबले. सगळ्या फिल्म वाया जायला एक सेकंद पुरेसा होता, तरी तिने मनात पाचपर्यंत मोजले. लहान मापाच्या डब्याला तिने हात लावला नाही. बाहेर बाकावर मनगट मोडलेला एक माणूस बसला होता.

"दादूभाऊ, डबा उघडा असताना दिवा लागला."

दादूभाऊ आत गेले आणि बाहेर आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "अख्खा डबा गेला. दुसरा कोल्हापुरातून मंगळवारी येईल. काकी, आज तुमचं काम होत नाही."

"पावसवरनं सकाळची गाडी धरून आलो आम्ही," यमुनाबाई म्हणाल्या, "नि हिने दिवा लावलान. दिवा कधी लावायचा ते कळत नाय, नि म्हणे फोटो काढायला शिकतेय. आमच्या घरात असतीस ना गो, तर चुलीपाशीसुद्धा बसवली नसती तुला."

समरीन खाली मान घालून ऐकत राहिली. पडद्याआड मालन लुगडे सावरत होती. समरीनने आत जाऊन तिला पदर नीट करायला मदत केली आणि कानाशी म्हणाली, "मंगळवारच्या आधी बाई डॉक्टरांकडे जा. एकट्या."

मालनने होकारार्थी मान हलवली. पिन तिच्या मुठीतच होती. सासूमागून ती पायऱ्या उतरून गेली.

दादूभाऊंनी वही पुढे ओढली. "बावीस वर्षांत माझ्याही हातून दोन डबे गेलेत," ते म्हणाले. "पंचविसावी झाली असं लिही. मी सही करतो. कोण बघायला येतंय?"

"झाली नाही ना, दादूभाऊ."

"चोवीसवर पास करत नाहीत, पोरी. वर्ष जाईल."

"ठाऊक आहे."

तिने पंचविसाव्या ओळीत 'तपासणी झाली नाही' असे लिहिले. शेजारी कारणाचा रकाना होता. त्यात तिने सुवाच्य अक्षरात लिहिले: फिल्मचा डबा पांढऱ्या प्रकाशात उघडला. उघडणारी, समरीन मुकादम.

"चुकून, असं घाल त्यात," दादूभाऊ म्हणाले. "निदान दया तरी येईल त्यांना."

समरीनने पेनाला टोपण लावले.

दादूभाऊंनी 'चुकून' नसलेली ती ओळ पुन्हा वाचली. मग त्यांची नजर अर्धवट सरकलेल्या पडद्यावर गेली, तिथून रिकाम्या पायऱ्यांवर गेली, आणि खाली रस्त्यावरून पावसची गाडी निघाल्याचा आवाज विरेपर्यंत त्यांनी सहीसाठी पेन उचलले नाही.