आधी मला विचारायचं

बॉयलरवाल्याने एकदा दाबाचा काटा चढतोय म्हणून आपल्या मनाने बॉयलर बंद केला, तेव्हा फोरमनने त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं होतं. "तुला डोकं चालवायला ठेवलेलं नाही! आधी मला विचारायचं, मग हात लावायचा!" तेव्हापासून खात्यात फोरमनला विचारल्याशिवाय पान हलत नसे, आणि त्याला त्याचा कोण अभिमान!

आज कंपनीने त्याला 'अचूक निर्णय कसे घ्यावेत' या शिबिराला पाठवलं होतं. फोन दाराशीच टोपलीत जमा करावे लागले. फोरमनने मन लावून वहीची सहा पानं भरली. मध्येच खालच्या रस्त्याने आगीचे बंब घंटा वाजवत गेले, तर नीट ऐकू येईना म्हणून यानेच उठून खिडकी लावून घेतली.

जेवणाच्या सुट्टीत त्याने फोन हातात घेतला. बॉयलरवाल्याचे चौदा मिस्ड कॉल होते. उलट फोन लावला, तर तो बंद लागला. मग त्याने मेसेज उघडला.


"साहेब, काटा लाल रेघेच्या पुढे गेलाय. बॉयलर बंद करू का? आम्ही तिघं इथेच उभे आहोत, तुम्ही सांगाल तसं."