परवडणारी उंची

गृहमंडळाचा अधिकारी ओणवा होऊन हेमांगीच्या घरात शिरला आणि त्याने तिच्या लेकीची, रेवाची, उंची मोजली.

“हिचं डोकं छताला टेकतंय. वाढ थांबवायची सुई आजच टोचतो, नाहीतर घर खाली करा.”

परवडणारी घरं एवढ्याच उंचीची मिळत. त्यासाठी हेमांगीने स्वतःला वीतभर आखूड करून घेतलं होतं. रेवा निमूटपणे बाही वर करू लागली, तशी हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने सुई हिसकावून भिंतीवर आपटली.

“माझी हाडं कापलीत, तेवढ्यावर गप्प बसा! पोरीला हात लावाल तर याद राखा!”

चावी त्याच्या तोंडावर फेकून ती रेवाला घेऊन बाहेर पडली. रस्त्यावरही पोर वाकूनच चालत होती.

“ताठ हो!” हेमांगी खेकसली.

रेवा ताठ झाली. लेकीचा चेहरा पाहायला हेमांगीला मान वर करावी लागली.