तेरा नंबरची पावलं

दोन रात्री कडाक्याची थंडी पडली आणि गोल्फच्या मैदानावरचं उन्हाळी गवत पेंढ्यासारखं पिवळं झालं. पोपटी राहिली ती फक्त भोकांभोवतीची ग्रीनं. आणि आणखी एक गोष्ट. सातव्या ग्रीनवरून उतरून थेट कुंपणाच्या फाटकापर्यंत, पिवळ्या गवतातून, हिरव्यागार पावलांची रांग गेली होती.

"दाजी, इकडे या की जरा," चोनने गोड आवाजात हाक मारली. "कोणाची हो ही?"

रामिरोने गवत कापायचं यंत्र थांबवलं. पावलं बघून त्याने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. तेरा नंबरचे बूट अख्ख्या मैदानावर एकट्या त्याचेच होते.

हिवाळ्यासाठी ग्रीनवर पेरतात ते बी रव्यासारखं बारीक. बुटाला चिकटलं की जाईल तिथे उगवतं. म्हणून पेरणीच्या दिवशी ब्रशने तळवे झटकल्याशिवाय ग्रीनवरून उतरायचं नाही. जो उतरेल त्याने वसंतापर्यंत ग्रीनला हात लावायचा नाही, दाताळ्याने वाळूचे खड्डे विंचरत बसायचं. हा नियम रामिरोचाच. एकोणीस वर्षं तो ग्रीनं राखत होता, त्यांच्यावर त्याचा जीव होता. गेल्या वर्षी चोनची दोनच पावलं सापडली, तर सख्ख्या मेहुण्यालाही त्याने खड्ड्यात घातलं होतं.

"माझी दोन होती. ही मोजू?" चोन मोजत निघालासुद्धा. "...तीस, एकतीस! आणि ढांगा बघा केवढ्या! गुडघा दुखतो म्हणता ना? मग मागे काय कुत्रं लागलं होतं?"

रामिरो मागोमाग चालत राहिला. फाटकापाशी पोचल्यावर चोन थबकला. तिथे पावलं सरळ नव्हती. एकात एक, गोल गोल फिरली होती.

"दाजी, इथे नाचलात की काय?"

"पेरणीच्या दिवशी तुझी ओफेलियाताई आली होती फाटकाशी," रामिरो म्हणाला. "दवाखान्यातून सरळ. गाठ साधी निघाली म्हणून सांगायला."

चोनने टोपी काढली, पुन्हा घातली. "आणि ब्रश?"

"कसला ब्रश आणि कसलं काय!"

मग रामिरोने यंत्राचा दांडा मेहुण्याच्या हातात दिला. "पाती कालच लावलीत. आधी दव झटकायचं, मग कापायचं. नाहीतर कोवळं गवत मुळासकट येतं."

"राहू द्या हो दाजी. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय."

त्याने तणनाशकाचा पंप पाठीवर घेतला आणि एकेका पावलावर औषध मारत निघाला. ग्रीन सुटल्याचं वाईट वाटत होतंच, पण त्या दिवसाच्या आठवणीने ओठांवर हसू आल्याशिवाय राहत नव्हतं.

"दाजी!" चोन मागून ओरडला. "फाटकाजवळची राहू द्या."

"नियमात बसत नाही."

"ग्रीन ज्याच्याकडे, शब्द त्याचा. हाही तुमचाच नियम ना? मग ऐका आता."

रामिरोने नळी खाली केली. "बरं, साहेब," तो म्हणाला, आणि त्या हिरव्या गोलावर पाय पडू न देता, कडेकडेने वाळूच्या खड्ड्याकडे निघाला.