सिद्धम्माचा बुरूज

"मी पाणी पाजणार हाय तिला," गौरम्मा म्हणाली.

"पाऊस पडल्याबिगर न्हाई." चन्नबसप्पानं तांब्यावर हात ठेवला. "रीत हाय, वैनी."

बुरजाच्या पायथ्याशी महानंदा भिंतीला टेकून बसली होती. गौरम्माची ही एकुलती सून. कालपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, आणि पोटात लेकरू होतं. ओठ फुटले होते. डोळे धड उघडत नव्हते.

कोटमाळच्या किल्ल्याच्या पोटातच मठ होता. दोन्ही एकाच वेळी बांधले, असं सांगत. हा एक बुरूज मात्र उभा राहीना. दिवसा बांधावा, रात्री ढासळावा. शेवटी मठाच्या मानकऱ्याची सून सिद्धम्मा आपण होऊन भिंतीत उभी राहिली. शेवटचा दगड बसेपर्यंत हसत होती म्हणे. तेव्हापासून दुष्काळ पडला की त्या घराण्यातली सून बुरजापुढं निर्जळी बसते.

बहात्तर साली गौरम्मा बसली होती. तेव्हा तिचंही पोट पुढं होतं. ते लेकरू गेलं. पाऊस काही आला नाही. लोक म्हणाले, सिद्धम्मानं आपला वाटा घेतला. नवरा जवळच उभा होता, मान खाली घालून. तो वारल्यावर घरातला मान धाकट्या दिराकडं, चन्नबसप्पाकडं आला.

यंदाही आभाळ कोरडंच होतं. लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि नवे कलेक्टर आज किल्ला बघायला यायचे होते. गडी बाभळी तोडत होते, दगड हलवत होते. साहेबांना काय सांगायचं तेही ठरलं होतं. सून आपल्या खुशीनं बसलीय.

"खुशीनं?" गौरम्माचा आवाज चिरकला. "तिला इचारलं का कुणी?"

"सिद्धम्मा हसत गेली. हिला एवढं बसवंना व्हय?"

"हसताना बघितलं कुणी तिला?"

गौरम्मानं लेकाकडं पाहिलं. गुरुलिंग बापासारखीच मान खाली घालून उभा होता.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं जवळच्या गड्याच्या हातातली पहार हिसकली आणि सिद्धम्माची जागा म्हणून शेंदूर फासलेल्या दगडांच्या सांध्यात घातली. बाया किंचाळल्या. चन्नबसप्पा धावला, पण तिचे डोळे बघून थबकला. मानकऱ्याच्या घरच्या बाईच्या अंगाला हात कोण लावणार? दगड एकामागून एक खाली आले.

आत माणूस उभा राहील एवढी जागा होती. हाड नव्हतं. बांगडीचा तुकडा नव्हता. मागच्या भिंतीत भगदाड होतं, एक बाई अंग चोरून निघेल एवढं. खंदकाच्या बाजूनं कुणीतरी ते ओबडधोबड दगड रचून बुजवलं होतं. फटींतून उजेड येत होता.

गौरम्मा बाहेर आली. तिचे हात रक्ताळले होते. तिनं दिराकडून तांब्या घेतला, महानंदाचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाणी पाजलं. आता कुणी आडवं आलं नाही. महानंदा घटाघटा प्यायली, ठसकली, पुन्हा प्यायली.

"आत कुणी न्हाई," गौरम्मा दिराला म्हणाली. "ती मेली न्हाई, भावजी. पळाली ती!"

चन्नबसप्पानं आत वाकूनसुद्धा बघितलं नाही. तो जवळ आला आणि कुजबुजला, "हळू बोला, वैनी. आपल्या घरातल्या सगळ्या बाप्यांना ठाऊक हाय ते."

गुरुलिंगची मान अजून खालीच होती.

गौरम्मा उठून उभी राहिली. बायांकडं वळली आणि वेशीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऐका गं बायांनो! ह्यांना ठाऊक होतं!"